अरबी डिंक : औषधांना आधार देणारे द्रव्य

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस सेनेगलपासून सुदानपर्यंत पसरलेल्या सहेल या निमओसाड पट्ट्यात वाढणारा हशाब हा शिंबावर्गातील, म्हणजे शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या वर्गातील, काटेरी वृक्ष असून महाराष्ट्रातील बाभूळ त्याच्याच गोतातली आहे. पावसाळा सरून पानगळ सुरू झाली की सुदानच्या कोर्दोफान प्रांतातील शेतकरी त्याच्या फांद्यांवरील सालीची अरुंद पट्टी सोलून काढतात आणि काही आठवड्यांनी त्या जखमेवर पाझरून वाळलेल्या डिंकाचे खडे वेचतात.

या कुळातील झाडांचा औषधी उपयोग फार जुना आहे. इ.स.पू. सुमारे १५५० च्या एबर्स पपायरस या इजिप्शियन वैद्यकीय ग्रंथातील योगांत त्यांचे भाग आढळतात. शेंगांचा रस आटवून केलेले अकाकिया हे स्तंभक, म्हणजे स्राव आवरणारे, द्रव्य ग्रीक व अरबी वैद्यकात मान्यता पावले होते. डिंकाचे काम मात्र निराळे होते. तिखट औषधांची तीव्रता तो बोथट करतो, असे पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने नोंदवले. घसा किंवा आतडे यांच्या दाह झालेल्या अस्तरावर मऊ थर देणे, न विरघळणारी चूर्णे पाण्यात तरंगती ठेवणे, तेल व पाणी एकजीव करणे आणि गोळी बांधणे ही कामे त्याच्याकडे आल्यामुळे स्वतः फारसा रोग न हटवताही तो औषधशाळेत अपरिहार्य ठरला.

या मागणीमुळे वाळवंटाच्या काठावरील राजकारणाचे पडसाद दूरच्या औषधांच्या दुकानांपर्यंत उमटत. १८८३ मध्ये सुदानमधील बंडखोर धार्मिक नेता महदी याच्या सैन्याने डिंकाच्या व्यापाराचे केंद्र असलेले अल-ओबेद जिंकले आणि पुढे १८९८ पर्यंत टिकलेल्या महदी राजवटीत सुदानी डिंकाची निर्यात खालावली. एरवीही आफ्रिकेतील काही माल एडनमार्गे मुंबईत येऊन, निवडला जाऊन, युरोपकडे पुन्हा रवाना होत असे, आणि तेथे तो ईस्ट इंडिया डिंक म्हणून विकला जाई.

पहिल्या महायुद्धात या द्रव्याला नवीच जबाबदारी मिळाली. रक्तस्रावाने खालावलेल्या सैनिकांच्या शिरेत नुसते मिठाचे पाणी सोडले तर ते रक्तवाहिन्यांबाहेर लवकर झिरपून जाते, तर डिंकाचे मोठे रेणू पाण्याला आत धरून ठेवतात, या तत्त्वावर ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम बेलिस यांनी डिंकमिश्रित लवणद्रव सुचवला. पुढे डिंक यकृतात साठत असल्याचे दिसून आले आणि रक्तद्रवाचा वापर रुळल्यावर हा उपाय मागे पडला. गोळ्या, पातळ औषधे व खाद्यपदार्थ यांतील त्याचे स्थान मात्र टिकले, कारण ते कोणत्याही एका रोगावरील गुणावर अवलंबून नव्हते. इतर द्रव्यांना सांभाळण्याच्या त्याच्या भौतिक गुणधर्मावर उभे होते.