येशूची पंगत आणि चर्चमधली जात

येशूच्या शिकवणीवर चालायचे तर आजच्या चर्चने काय करावे? हा प्रश्न ख्रिश्चनांचा, त्यात बौद्धांनी कशाला पडावे, असे काही कार्यकर्ते विचारतात. आमचे उत्तर सरळ आहे. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या ज्यांच्यामुळे वाढल्या, ती बहुतेक महार-मांग कुटुंबे होती. ती आमचीच माणसे आहेत.

येशूने जकातदारांच्या पंगतीत जेवण घेतले, कुष्ठरोग्याला हात लावला, शिष्यांचे पाय धुतले. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. येशूने विहिरीवर शोमरोनी बाईकडेच पाणी मागितले. ज्यांच्या इतिहासात १९२७ चे चवदार तळे आहे, त्यांना या पाण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

महाराष्ट्रात हा अर्थ एका बाईने जगून दाखवला. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. आपल्या गोंदियावरून जाणाऱ्या त्याच गाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी या चित्पावन ब्राह्मणाने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे राहायला आल्या, पण सोवळे सोडले नाही. मग राहुरीला त्यांनी स्वतःशीच विचार केला, जात देवाने केली की माणसाने? उत्तर मिळाले आणि त्यांनी कुणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे ठरवले. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. 'स्मृतिचित्रे'त हे सारे आले आहे. आधी जात गेली, मग धर्म आला. हा क्रम लक्षात ठेवा.

भारतातल्या चर्चने बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा केला. बाप्तिस्मा दिला, जात तशीच ठेवली. १ जानेवारी १९३८ ला सोलापूरच्या ख्रिश्चन सभेत बाबासाहेबांनी हे तोंडावर सांगितले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांबद्दलचा आपला आदर त्यांनी लपवला नाही. पण दक्षिणेतल्या चर्चमधला जातिभेद त्यांनी दाखवून दिला आणि सामाजिक अन्यायाविरुद्ध ख्रिश्चन समाज लढला नाही, हेही सुनावले.

तो आरोप आजही खोडता आलेला नाही. तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर दफनभूमीत दलित व सवर्ण कॅथलिकांच्या कबरी वेगळ्या करणारी भिंत उभी राहिली. मेल्यावरही शिवाशिव! डिसेंबर २०१६ मध्ये कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले, त्यात चर्चमध्ये भेदभाव आहे हे स्वतःच मान्य केले. कबुली चांगली, पण कबुलीने भिंत पडत नाही.

दुसरीकडे शासनाचा अन्याय आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिश्चन बाहेरच राहिले. सवलती गेल्याच, अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षणही गेले. चिचगड परिसरातला गोंड ख्रिश्चन झाला तरी अनुसूचित जमातीतच राहतो, कारण त्या यादीला धर्माची अट नाही. मग ही अट दलितालाच का? या मागणीला आमचा पाठिंबा आहे.

पण दिल्लीकडे समता मागणाऱ्या चर्चने ती आधी घरात दाखवावी. दफनभूमी एक करा. मिशनच्या नामांकित शाळांत गरीब दलित ख्रिश्चनांच्या मुलांना पहिली जागा द्या. बिशपच्या खुर्चीपर्यंत त्यांना पोहोचू द्या. आणि खैरलांजीसारखे हत्याकांड घडते तेव्हा रस्त्यावर या, मरणारा ख्रिश्चन नसला तरी. जखमी परक्या माणसाला उचलणाऱ्या शोमरोन्याची गोष्ट येशूने त्यासाठीच सांगितली.

मित्रहो, हीच कसोटी आपल्या विहारालाही लागते. सोयरीक जुळवताना कोसरे की बावणे की लाडवण असे विचारणाऱ्याला चर्चकडे बोट दाखवण्याचा अधिकार उरत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला तो जात संपवण्यासाठी. जो येशूला मानतो त्यानेही तेच काम करावे. त्या कामात आम्ही त्याच्यासोबत आहोत.

जयभीम!