कामगारगीतांचे वृंदगान : शाहीर, झीलकरी आणि भेस्तानची वस्ती

सुरतेहून मुंबईकडे निघालेली गाडी उधना सोडते आणि भेस्तान येते. उधन्याला खानदेशातून आलेला तापीकाठचा लोहमार्ग मुंबईच्या मार्गाला मिळतो. नंदुरबार, अमळनेर, धरणगाव, जळगाव या मुलखातील असंख्य कुटुंबे याच वाटेने सुरतेच्या यंत्रमागांवर व रंगाई-छपाईच्या कारखान्यांत कामाला आली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा, भेस्तान या भागांत स्थिरावली. कानबाईची गाणी आणि अहिराणी ओव्या त्यांनी गावाहून सोबत आणल्या. परंतु संपाची, मोर्चाची, संघटनेची म्हणून जी मराठी गाणी आपण ओळखतो, ती मुख्यतः घडली मुंबईच्या गिरणगावात. आणि ती कशी गायली जात, हा प्रश्न त्यांच्या शब्दांइतकाच महत्त्वाचा आहे.

१९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णाभाऊ वाटेगावहून मुंबईत येऊन गिरणीत राबलेले, अमर शेख बार्शीच्या गिरणीतील कामगार. त्यांच्यापूर्वी सत्यशोधक जलशांनी आणि पुढे भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांनी समाजप्रबोधनासाठी समूहाने गाण्याची वाट मळून ठेवलेली होती. कलापथकाने तमाशा आणि पोवाडा यांचा सांगाडा तसाच ठेवला. गणगौळणीच्या जागी मात्र कामगाराचे जिणे आणले.

या सांगाड्यातच वृंदगानाचे मराठी शास्त्र दडलेले आहे. शाहीर कडवे उचलतो, त्याच्या मागे उभे असलेले झीलकरी शेवटचा शब्द झेलतात, ‘जी जी’ची झील लांबवतात. वरवर पाहता ही केवळ साथ वाटते. वस्तुतः झील तीन कामे करते. शाहिराला दम घ्यायला उसंत मिळते, वर चढलेला स्वर पुन्हा षड्जावर येऊन बसतो, आणि ज्या श्रोत्याला कडवी पाठ नाहीत त्यालाही गाण्यात शिरायला दार मिळते. डफ, तुणतुणे, झांज, ढोलकी एवढ्याच सरंजामावर, मैदानातल्या हजारोंपर्यंत शब्द पोहोचवायचा असे. अमर शेखांचा पहाडी आवाज याच गरजेतून गाजला. एकट्याच्या गळ्यावर उभे राहिलेले गाणे त्या गळ्याबरोबर थांबते. झीलकऱ्यांवर उभे राहिलेले मात्र दुसऱ्या शाहिराच्या हाती देता येते.

पाश्चात्त्य कामगार चळवळीत हाच पेच वेगळ्या तऱ्हेने सुटला. ‘इंटरनॅशनल’ या जगप्रसिद्ध गीताचे शब्द यूजेन पोतिए याने पॅरिस कम्यूनच्या पाडावानंतर १८७१ मध्ये लिहिले, पण त्याला आजची चाल मिळाली ती १८८८ मध्ये. फ्रान्समधील लील शहरात कामगारांचे एक गायनमंडळ होते. त्यासाठी पिएर दगेतेर नावाच्या लाकूडकाम करणाऱ्या कारागिराने ती बांधली. नोकरी जाऊ नये म्हणून छापताना केवळ आडनाव घातले गेले. परिणामी चाल आपलीच असल्याचा दावा त्याच्या सख्ख्या भावाने केला, आणि पिएरला न्यायालयाकडून आपला हक्क मिळायला १९२२ साल उजाडले! आपल्याकडील कित्येक चालींचे कर्ते तर न्यायालयापर्यंतही पोहोचले नाहीत.

भारतात अनेक स्वरपंक्ती एकाच वेळी गाण्याचा प्रयोग जननाट्य संघाच्या परंपरेतील सलिल चौधरी यांनी केला. १९५०च्या दशकात मुंबईत त्यांनी तरुणांचे वृंदगान उभारले. त्यांची रचना मोहक खरी. पण मराठी कामगारगीताला ती सरसकट लावता येत नाही. पोवाड्यात शब्द दाट असतात, कथन धावते असते. तेथे तीन स्वर एकमेकांवर चढवले की शब्द पुसट होतात, आणि शब्द पुसट झाला की पोवाड्यात उरते काय? स्वरमेळ ध्रुपदापुरता ठेवावा आणि कडवे एकस्वरी राहू द्यावे, हीच तडजोड योग्य दिसते.

ग्रंथालयांच्या कपाटांत शाहिरी वाङ्मयाच्या ज्या पातळ पुस्तिका आहेत, त्यांत शब्द आहेत. वर बहुधा ‘चाल’ म्हणून एखाद्या तत्कालीन गाण्याचा निर्देश असतो. ते मूळ गाणेच विसरले गेले की पुस्तिका मुकी होते. झील कोठे घ्यायची, डफ कोठे थांबवायचा, हे तर कोणी छापलेच नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या खचत गेल्या, आणि कापड भिवंडी, सुरत येथील यंत्रमागांवर अधिकाधिक विणले जाऊ लागले. गिरणीला दरवाजा होता, दरवाजासमोर सभा होती. लहान लहान शेडमध्ये विखुरलेल्या यंत्रमागाला तसा दरवाजा नाही. भेस्तानसारख्या वस्तीत आज ही गाणी समूहाने बसवायची झाली, तर पहिली अडचण बारा-बारा तासांच्या पाळ्यांची. दिवसपाळीचे गाणारे आणि रातपाळीचे गाणारे एकत्र यायचे कधी? अशा ठिकाणी निम्मी मंडळी नसतानाही उभी राहील अशी, झीलप्रधान रचनाच टिकू शकते. दुसरी अडचण स्वराची. जुनी कलापथके प्रामुख्याने पुरुषी गळ्याची. वस्तीच्या वृंदात स्त्रिया निम्म्याहून अधिक असायच्या. पुरुषांना सोयीचा स्वर त्यांना फार खाली जातो. कडवी आलटून पालटून देणे आणि ध्रुपद मधल्या पट्टीत आणणे हा त्यावरील जुना, घरगुती उपाय. कानबाईच्या गाण्यांना सरावलेल्या बायकांना तो शिकवावा लागत नाही.

तिसरी अडचण संगीताची नव्हे. अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील. गावी राहिलेल्या बायकोच्या विरहातून ती खंडित महाराष्ट्राच्या दुःखाकडे वळते, आणि तेथे डांग आणि उंबरगाव यांचाही उल्लेख येतो. १ मे १९६० पासून हे दोन्ही प्रदेश गुजरातेत आहेत, आणि गाणारे सुरतेत राहतात, गुजराती शेजाऱ्यांच्या सोबतीने. ते कडवे गाळले तर गाणे सोपे होते, पण छक्कडीचा कणाच मोडतो. विरह उरतो, लढा जातो. न सांगता गायले तर शेजाऱ्याला ती जुनी तक्रार आजची वाटेल. म्हणून गाण्याआधी साल सांगावे, प्रसंग सांगावा आणि छक्कड संपूर्ण गावी, हाच मार्ग बरा. पोवाड्याच्या परंपरेत गाण्यापूर्वीच्या अशा निवेदनाला मुळातच जागा आहे; शाहीर बोलत असतो तेव्हा ढोलकी थांबलेली असते, आणि तुणतुण्याची तार तेवढी चालू राहते.