सावड, मस्टर आणि श्रमदान



स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं, "शाळेच्या आठवणी लिही." लिहायला बसले तेव्हा हातात मेळाव्याच्या नियोजनाचा कागद होता. दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर श्रमदान करायचं ठरतंय. कागदावर कोण चर आखणार, कोण टिकाव-फावडी आणणार, कोण फोटो काढणार, अशी आपल्या मित्रांची नावं ओळीने लिहिलेली. आणि अगदी शेवटी एक ओळ : "महिला – चहा, नाष्टा व श्रमदान." नावं नाहीत. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं हे मला ठाऊक आहे. तो आपलाच मित्र आहे आणि त्याच्या डब्यातली भाकरी मी खाल्लेली आहे. पण त्या एका ओळीमुळे आठवणी बाजूला राहिल्या आणि मी आपल्या आयाबायांच्या कामाचा इतिहास शोधत बसले. तोच इथे मांडते.

आपला भाग कसा आहे हे तुम्हाला सांगायला नको. त्याच शिरूर तालुक्यात खाली घोड-भीमेच्या काठाला ऊस उभा असतो आणि वर केंदूर, पाबळ, कान्हूर मेसाईचा पट्टा आभाळाकडे बघत बसतो. कान्हुराज पाठक महाराजांचं गाव म्हणून केंदूरचं नाव घेतलं जातं, पण उन्हाळ्यात सोयरीक जुळवताना पाहुणे पहिल्यांदा पाण्याचं विचारत. पाणी आणायचं ते बाईने. त्यामुळे पाण्यासाठी गाव एकत्र आलं की बाई त्यात असायचीच. प्रश्न इतकाच की ती कुठल्या नावाने असायची.

सगळ्यात जुनी पद्धत सावडीची. आज तुमच्या रानात चार जणी, उद्या आमच्या रानात चार जणी. पैसा मध्ये येत नाही, हिशेब मात्र चोख असतो. खुरपणी, काढणी, कांद्याची लागण ही कामं आपल्याकडे बायकांनी सावडीनेच निभावली. भीमाशंकरच्या अंगाला, आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरी भागात, भातखाचरं तयार करायला अशीच माणसं जमतात, तिला पडकई म्हणतात. सावडीत कोणी कोणावर उपकार करत नाही. आज मी तुझ्याकडे आले, तर तुला माझ्याकडे यावंच लागतं. बायकांच्या एकत्र कामाची पहिली शाळा ही. तिची वही कुठेच नव्हती, कारण प्रत्येकीच्या डोक्यात ती पक्की होती.

दुसरी पद्धत इर्जिकीची. एखाद्याची नांगरट अडली की गावातले लोक आपापली बैलं घेऊन जात आणि त्या घरचं जेवण करून परत येत. इर्जिकीचं वर्णन करताना म्हातारी माणसं बैलजोड्यांचा आकडा सांगत. किती शेर पीठ मळलं आणि चुलीपुढे किती जणी बसल्या, हे मात्र कोणी सांगितल्याचं मला आठवत नाही. आपल्या मित्राने नियोजनाच्या कागदावर लिहिलेली ओळ काही काल-परवाची नाही, ती इर्जिकीपासून चालत आलेली आहे.

'श्रमदान' हा शब्द घरोघरी पोहोचला तो स्वातंत्र्यानंतर. काम त्याच्या आधीही होतं. गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावात शिरत आणि कीर्तनाआधी रस्ता झाडत, सेनापती बापटांनी रस्ते झाडले. १९५१ साली विनोबांची भूदान यात्रा सुरू झाली आणि जमीन नसलेल्याने श्रम द्यावेत हा विचार पुढे आला. मग २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि श्रमदान हा सरकारी शब्दही झाला. रस्ता, विहीर, शाळेची खोली यांसाठी गावाने अंगमेहनत द्यायची, सरकारने बाकीचं बघायचं. त्या काळच्या बहुतेक गावांतल्या शाळा अशाच उभ्या राहिल्या. भिंत झाली की जमीन सारवायला शेण कोण आणत होतं, हे आपल्यातल्या मुलींना विचारा. दर शनिवारी वर्ग सारवायची पाळी कोणाची असे, तेही विचारा. मुलगे पाणी आणत, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं!

त्यानंतर १९७२ आला. आपल्यातले बरेच जण तेव्हा अगदी लहान होते. मला त्यातलं एकच चित्र आठवतं. आई दुष्काळी कामावरून आली आहे आणि पदराच्या गाठीतून सुकडी काढून माझ्या हातावर ठेवते आहे. लाल मिलोची भाकरी आम्हाला नको वाटायची, म्हणून सुकडीची वाट बघत बसायचो. पुढे मोठेपणी आई त्या कामांबद्दल बोलायची : खडी फोडणं, नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ते. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती आणि त्यात बायकांची संख्या फार मोठी होती. जन्मात घराबाहेर मजुरीला न गेलेल्या घरंदाज बायकाही डोक्यावर पाटी घेऊन त्या रांगेत उभ्या राहिल्या. दुष्काळाने जात-घराणं काही बघितलं नाही.

या अनुभवातून रोजगार हमी योजना पक्की झाली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची ती कल्पना. १९७७ साली त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणाऱ्याला काम मिळणं हा हक्क ठरला. पुढे २००५ मध्ये देशाने असाच कायदा केला, त्याचं मूळ आपल्याकडे आहे.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट मस्टरची. दुष्काळी कामावर मुकादमाकडे मस्टर असे. त्यावर बाईचं नाव लिहिलं जाई आणि त्यासमोर ती अंगठा उठवी. आई म्हणायची, "शाळेच्या हजेरीत माझं नाव कधी आलं नाही, ते पहिल्यांदा आलं मस्टरावर." मुकादम तिला तिच्या नावाने हाक मारायचा. घरी-दारी ती अमक्याची सून आणि तमक्याची आई होती. म्हणजे बघा, पोटासाठी केलेल्या मजुरीत बाईचं नाव लिहिलं गेलं आणि गावासाठी केलेल्या दानात मात्र ते लिहिलं गेलं नाही. दानाचं मस्टर नसतं. दिलेल्या पैशाची पाटी लागते, पण वाहिलेल्या घमेल्यांची लागत नाही.

मधल्या काळात बरंच बदललं. आपल्यापासून फार लांब नाही त्या राळेगणसिद्धीत १९७५ नंतर काम उभं राहिलं आणि पाच सूत्रांत श्रमदानाला जागा मिळाली. शेजारच्या पाबळला १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबागांनी विज्ञान आश्रम सुरू केला आणि तिथे मुलींच्याही हातात वेल्डिंगची गन आली. १९९० पासून स्थानिक निवडणुकांत बायकांना ३० टक्के जागा मिळाल्या, १९९३ च्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश आणि २०११ मध्ये निम्म्या. २००० साली आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. अंगणात चालणारा बाईचा खराटा गावाच्या चौकात आला आणि त्याला 'सार्वजनिक काम' म्हणायला लोक शिकले.

आणि मग २०१६ साली पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा आली. पहिल्या वर्षी वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे ३ तालुके आणि ११६ गावं. कोरेगावातलं वेळू पहिलं आलं. पुढे तालुके ३०, ७५ आणि ७६ झाले. ८ एप्रिल ते २२ मे, ऐन उन्हाचे दिवस. १ मे, महाराष्ट्र दिनी महाश्रमदान होई आणि शहरातली माणसं गावाकडे येत. या कामांचे फोटो काढून बघा. डोक्यावर पदर, पदरावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं. बायकांची रांग नसलेला फोटो शोधावा लागेल. सकाळचा स्वयंपाक उरकून किंवा रात्री चांदण्यात येऊन त्यांनी चर खोदले. बांधाला तोंड लावून भांडणाऱ्या जावा-जावा एका साखळीत घमेली पुढे देत होत्या.

हे सगळं सुंदर आहे, पण इतिहास लिहायचा तर कडू भागही लिहावा लागतो. चर खोदला, पाणी मुरलं, तर ते विहिरीत उतरतं. विहीर असते जमीनवाल्याची. जिला गुंठाभर रान नाही, तिने दिलेल्या श्रमाचं पाणी दुसऱ्याच्या कांद्याला जातं. तिच्या वाट्याला आलं तर मजुरीचे चार दिवस वाढून येतात. त्यात तिचा श्रमदानाचा दिवस म्हणजे बुडालेला रोज. आपल्या वर्गातही अशा मैत्रिणी होत्या आणि त्यांना "गावासाठी ये" असं सांगताना आपण हा हिशेब कधी केला नाही.

तो हिशेब आपल्याच जिल्ह्यात एका माणसाने केला होता. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे १९७२ च्या दुष्काळात गेले. पुण्यातले कारखानदार, इंजिनियर माणूस. देवस्थानाचा ओसाड माळ घेऊन त्यांनी पाणी अडवून दाखवलं आणि पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम असा : पाण्याचा हक्क जमिनीला नाही, माणसाला. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. आणि ऊस लावायचा नाही. सावडीत जे बायकांच्या डोक्यात होतं, तेच त्यांनी कागदावर आणलं : ज्याने दिलं, त्याला परत मिळालं पाहिजे.

आता आपल्या मेळाव्याकडे येते. थोडं गणित करू, गणिताच्या सरांना बरं वाटेल. दोन फूट रुंद आणि एक फूट खोल सलग समतल चर धरला, तर एक मीटर लांबीत साधारण १८० लिटर पाणी मावतं. आपण ५० जणी आलो आणि प्रत्येकीने २ मीटर चर काढला, तर १०० मीटर होतो. म्हणजे एका भरणीला १८ हजार लिटर. दहा हजार लिटरचे जवळजवळ दोन टँकर, आणि पावसाळ्यात चर एकदाच भरत नाही. एका घनमीटर मातीचं वजन दीड टनाच्या आसपास, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला साडेपाचशे किलोच्या घरात माती येते. पंधरा किलोचं घमेलं धरलं तर ३६ घमेली. पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या गुडघ्यांना हे झेपेल, पण घाई करून नाही.

म्हणून संयोजकांकडे तीन मागण्या करते. पहिली, चहा-नाष्टा त्या दिवशी मुलांनी करायचा. शाळेत असताना पोहे करता येत नव्हते, आता येत असतील. नसतील तर शिकून या, अजून वेळ आहे. दुसरी, चर कोणाच्या रानाच्या वर पडतोय हे आधी बघायचं. शक्यतो गायरान किंवा सार्वजनिक पाणवठ्याच्या वरची जागा घ्यायची, म्हणजे पाणी सगळ्यांच्या हंड्यात येईल. जिचा रोज बुडणार आहे, तिला वर्गणीतून तो द्यायचा आणि देताना 'मदत' हा शब्द वापरायचा नाही.

तिसरी मागणी माझ्या जिवाची. एक वही ठेवायची. शाळेच्या हजेरीसारखी लांब, रेघा मारलेली. त्यात येणाऱ्या प्रत्येकीचं नाव लिहायचं आणि पुढे तिच्या आईचं नाव लिहायचं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचं नाव लावणं राज्याने सक्तीचं केलं आहे. आपण तेव्हा जन्मलो नाही म्हणून आपल्या आयांनी मागे का राहावं? आपल्यातल्या किती जणींच्या आया बाहत्तरच्या मस्टरावर होत्या, ते त्या निमित्ताने कळेल. जुनी मस्टरं आता कुठल्या कपाटात मिळणार? पण ज्यांना आठवतंय त्या अजून आपल्यात आहेत, पुढच्या मेळाव्याला किती असतील सांगता येत नाही. आईला विचारा, मावशीला विचारा, शेजारच्या आजीला विचारा : कुठल्या तलावावर होतीस, मुकादम कसा होता, मजुरी किती मिळाली. दोन ओळी लिहून आणा. ती वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवायला गुरुजनांनी परवानगी द्यावी, ही विनंती.

माझ्या आईचं नाव मी पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. ती आता नाही, पण तिचं घमेलं घरी आहे, बुडाला ठिगळ मारलेलं. त्या दिवशी तेच घेऊन येणार आहे.

मैत्रिणींनो, सकाळी सातला या. उन्हाच्या आत काम उरकू. टोपी किंवा मोठा रुमाल, पाण्याची बाटली आणि जुन्या चपला घाला. नव्या साड्या दुपारच्या जेवणासाठी ठेवा.

– तुमचीच एक वर्गमैत्रीण