दगडावरची दुरुस्ती आणि पडद्यावरची

विषय संगणकाचा आहे म्हणून काही जण मागच्या खुर्च्यांवर बसलेत. त्यांनी बिनधास्त पुढं यावं. संकेतस्थळावरचा मजकूर कोण लिहितं, कोण बदलतं, आणि हे ज्या यंत्रणेतून होतं ती यंत्रणा, म्हणजे सगळे जिला सीएमएस म्हणतात ती, कशी आली, हे आज बघायचंय. सुरुवात मात्र मी कार्ल्याच्या लेण्यापासून करणार आहे. इथं लोणावळ्यात बसून ते टाळणं बरं दिसणार नाही.

कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबाखांबावर दात्यांची नावं कोरलेली आहेत. त्यात धेनुकाकटहून आलेले यवनही आहेत. दर्शनी भिंतीवर एक लेख आहे नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा. वलूरक लेण्यांतल्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी त्यानं करजिक नावाचं गाव दान दिलं. वलूरक हे कार्ल्याच्या लेण्यांचं तेव्हाचं नाव. पुढं सातवाहनांनी क्षत्रपांना हरवलं आणि त्याच दर्शनी भागावर दुसरा लेख आला. त्यात मामाल इथल्या अमात्याला राजाची आज्ञा आहे, की हे गाव भिक्षूंना दिलं आहे. राजाचं नाव झिजलंय, अभ्यासक बहुधा गौतमीपुत्र सातकर्णीचा लेख मानतात. आणि मामाल म्हणजे आपलं मावळ!

आता बघा. राज्य बदललं, दान नव्यानं दिलं गेलं, पण उषवदाताचा लेख कुणी खरवडला नाही. दोन्ही लेख आजही वाचता येतात.

नाशिकच्या पांडवलेण्यांत याहून मजेदार प्रकार आहे. तिथल्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राचा राज्यवर्ष १८ चा लेख आहे. पूर्वी उषवदाताकडं असलेलं २०० निवर्तनं शेत त्यानं भिक्षूंना दिलं. सहा वर्षांनी, राज्यवर्ष २४ मध्ये, तिथंच दुसरा लेख कोरला गेला: ते शेत कसलं जात नाही, गावात वस्तीही नाही, म्हणून नगराच्या सीमेवरच्या राजाच्या जमिनीतून १०० निवर्तनं देतो. शुद्ध दुरुस्ती आहे ही. कारणासकट, तारखेसकट. कुणी आज्ञा पोचवली, कुणी पत्र पाहिलं, हेही लिहिलंय. मूळ चूक शाबूत आणि दुरुस्ती तिच्याखाली. मी ज्याला चांगलं संपादन म्हणतो ते हेच.

आता थेट १९९० मध्ये येऊ. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्याजवळच्या सर्न प्रयोगशाळेत पहिला ब्राउझर लिहिला, त्यात पान वाचता येई तसंच त्याच खिडकीत बदलताही येई. म्हणजे जाळं जन्माला आलं तेव्हा वाचणारा आणि लिहिणारा वेगळे नव्हते. १९९३ मध्ये मोझेक हा ब्राउझर आला, त्यानं जाळं घराघरात नेलं, पण तो नुसता वाचायचा. लिहायचं असेल तर एचटीएमएलची फाइल हातानं तयार करा, एफटीपीनं सर्व्हरवर चढवा. कार्यालयाचा फोन नंबर बदलला तरी ‘वेबमास्टर’ला गाठायचं. तो रजेवर असेल तर नंबर महिनाभर जुनाच. आणि नवी फाइल चढवली की जुनी तिच्याखाली गाडली जायची, कायमची.

सीएमएसनं दोन गोष्टी केल्या. मजकूर आणि साचा वेगळे केले. मजकूर माहितीकोशात, म्हणजे डेटाबेसमध्ये. रंग, शीर्षक, चौकटी साच्यात. वाचकानं पान मागितलं की दोन्ही जोडून पान तयार होतं. त्यामुळं ज्याला संगणकाची भाषा येत नाही अशा लिपिकालाही परवलीचा शब्द देऊन बसवता येतं. दुसरी गोष्ट म्हणजे आवृत्त्या. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिलं विकी सुरू केलं, कुणीही बदलावं असं. पण कुणीही बदलणार, तर आधी काय होतं ते ठेवायलाच हवं, नाहीतर खोडसाळपणा कसा परतवायचा? विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो, त्यात प्रत्येक बदल वेळेसकट साठवला जातो, आणि तो वाचकालाही दिसतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी, सुरू झाला. त्याच महिन्यात २७ तारखेला वर्डप्रेसही आलं. पण वर्डप्रेसमध्ये आवृत्त्या ठेवायची सोय २००८ मध्ये आली, आणि ती फक्त आत लॉगिन केलेल्यालाच दिसते. हा फरक लक्षात ठेवा, त्याच्याकडं परत येतोय.

त्याआधी आपल्या लिपीचं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण मराठी संकेतस्थळं बरीच वर्षं आपापल्या फाँटवर चालली. त्यात पडद्यावर ‘लोणावळा’ दिसायचं, आत मात्र रोमन अक्षरांची खिचडी साठवलेली. फाँट नसला की वाचकाला ती खिचडीच दिसायची, आणि शोधयंत्राला तर कायमच. नवी प्रणाली आली, मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित केला नाही, की जुनी पानं असूनही नसल्यासारखी. युनिकोड आल्यावरही आमचा अर्धा र आडवा येतोच. मावळात दऱ्या आहेत. टंकताना चुकलं की त्यांचा दर्या होतो, आणि सह्याद्रीत समुद्र येतो! शिवाय हा अर्धा र आत दोन निरनिराळ्या पद्धतींनी साठवता येतो. डोळ्यांना शब्द एक, संगणकाला दोन. लोणावळा-लोणावळे, कार्ला-कार्ले यांचं ठीक आहे, विकीवर पुनर्निर्देशन करून भागतं.

आता तो फरक. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर प्रशासनानं मावळातल्या पर्यटनस्थळांसाठी बंदीचे आदेश काढले. असे आदेश दर पावसाळ्यात निघतात, बदलतात, मागं घेतले जातात. समजा, उद्या कुणाला विचारायचंय की अमुक तारखेला पानावर कोणता इशारा होता? वेळ कोणती दिली होती? कुठल्या ठिकाणांची नावं होती? पान अद्ययावत असेल तर तिथं आजचा आदेश दिसेल. कालचा कुठं आहे? माहिती अधिकार कायद्याचं २००५ चं कलम ४ कार्यालयांना स्वतःहून माहिती प्रसिद्ध करायला आणि ती दर वर्षी अद्ययावत करायला सांगतं. चांगलंच आहे. पण बदलण्याआधीचा मजकूर त्याच पानावर वाचकाला दिसावा, असं त्यात म्हटलेलं नाही. प्रणालीच्या आत आवृत्त्या असतीलही, पण त्या बघणार कार्यालयातला माणूस. आणि ठेकेदार बदलला, संकेतस्थळ ‘नवीन रूपात’ आलं, की बऱ्याचदा ताजा मजकूर तेवढा हलवतात, आवृत्त्या जुन्या सर्व्हरवर राहतात. सर्व्हरचं भाडं थांबलं की त्या गेल्या. इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन २००१ पासून जुनी पानं दाखवतं खरं, पण त्यानं एखाद्या ग्रामपंचायतीचं पान नेमकं त्या आठवड्यात टिपलं असेल याचा भरवसा काय?

मला विचाराल तर ही हौसेची बाब राहिलेली नाही. धरणाची जमीन, द्रुतगती मार्गाची जमीन, विकास आराखडे... मावळात कागदावरून भांडणं फार झालीत, आणि तो कागद आता पडद्यावर गेलाय.

तुमच्यापैकी काही जण संस्थेची, सोसायटीची, शाळेची पानं सांभाळता, म्हणून मोजकंच सांगतो. सूचनेवर दिनांक घाला. रद्द झालेली सूचना पुसू नका, नव्या सूचनेखाली ‘रद्द’ असं लिहून राहू द्या. ठेकेदाराशी करार करताना संपूर्ण माहितीकोश, आवृत्त्यांसकट, आपल्या हातात मिळेल असं कलम टाका. जुन्या फाँटमधला मजकूर असेल तर रूपांतर करून घ्या, आणि दऱ्या तेवढ्या डोळ्यांनी तपासा, यंत्रावर सोडू नका.

आणि आज घरी गेल्यावर मराठी विकिपीडियावर आपल्या गावाचं पान उघडा. वर ‘इतिहास’ अशी कळ असते, ती दाबा. कुणी कधी काय घातलं, काय काढलं, दोन तारखा निवडून शेजारीशेजारी बघता येतं. तुमच्या गावाबद्दल कुणीतरी चार वर्षांपूर्वी काढून टाकलेलं वाक्य कदाचित तिथं सापडेल. ते बरोबर होतं की चूक, हे तुम्हीच सांगू शकाल. चला, आता प्रश्न घेऊ.