समर्थकथांचें पुनर्वाचन

ज्या अहमदनगरांतून १८४२ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्र निघूं लागलें, त्या आजच्या अहिल्यानगरांत बसून आम्हीं भयकथाकार नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या समर्थकथा पुन्हां वाचल्या. पिशाच्चांना येथेंही आसरा आहेच! बालपणीं केवळ भीति वाटली होती. हळब्यांच्या ‘मुक्तामाले’पासून (१८६१) आमच्या कादंबरींतील अद्भुत बोधाच्या वा करमणुकीच्या सेवेंत होतें, धारपांनीं त्याच्या शेजारीं विज्ञान आणून बसविलें. अमंगल शक्ति आपल्या मितींपलीकडून येते, पण तिलाही नियम असतात. समर्थांचें सामर्थ्य म्हणूनच चमत्कारापेक्षां अभ्यासाचें फळ वाटतें. सोबती अप्पा मात्र तुम्हांआम्हांसारखा भितो, आणि तरीही त्यांच्यामागें जातो. पूर्वीं आम्हांस समर्थ व्हावेंसें वाटे. या खेपेस, अप्पा होतां आलें तरी पुष्कळ, असें वाटलें.