कुर्ल्याच्या गाडीची फेरफार-नोंद

चावडीत बसलेला तलाठी सातबाऱ्यावर नवे नाव चढवतो, तेव्हा जुने नाव तो खरवडून काढीत नाही; त्याला कंस करतो, बाजूला फेरफाराचा अनुक्रमांक टाकतो, हरकतीची मुदत जाऊ देतो, आणि मंडळ अधिकाऱ्याची सही झाल्यावर मगच ती नोंद कायम होते. पन्नास वर्षांनी एखादा वारस दफ्तर चाळू लागला, तर जमीन कोणाच्या हातून कोणाच्या हाती आणि कोणत्या निमित्ताने गेली, हे त्या कंसातल्या नावांवरून त्याला बिनचूक वाचता येते. जुन्या मोटारगाडीचे स्वरूप अस्सल राखावे, की मालकाने आपल्या सोयीप्रमाणे व हौसेप्रमाणे ते बदलावे, हा वाद हल्ली गाड्यांच्या शौकिनांत मोठ्या अहमहमिकेने चालतो, आणि तो कानी पडला की मला या कंसाचे स्मरण होते. वादातले दोन्ही पक्ष उदाहरणे घेतात ती बहुधा विलायती शर्यतीच्या गाड्यांची. वस्तुतः ते कुर्ल्यापर्यंत आले तरी पुरेसे आहे.

कुर्ला हे गावच मुळी फेरफारांनी घडलेले आहे. १८०८ साली ईस्ट इंडिया कंपनीने कुर्ला आणि मोहिली, कोळेकल्याण, मरोळ, सहार, असल्फे व परजापूर ही आणखी सहा गावे होरमसजी बमनजी वाडिया यांस मुंबईच्या अपोलो दरवाजाजवळील जमिनीच्या मोबदल्यात दिली. त्याच सुमारास गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या कारकिर्दीत शीवच्या खाडीवर बांध पडला आणि खाडीपलीकडचे हे गाव मुंबईला पायी जोडले गेले. १८५३ साली आगगाडी आली. आणि १८८६ साली जमशेटजी टाटांनी येथली धरमसी मिल विकत घेऊन, तिच्या यंत्रसामग्रीचा कायापालट करून, तिची स्वदेशी मिल केली. आज ज्याला सी.एस.टी. रोड म्हणतात त्या रस्त्याच्या तीन अक्षरांचा संबंध बहुतेक लोक बोरीबंदरच्या स्थानकाशी लावतात आणि फसतात. ट्रॉम्ब्याहून कुर्ल्यावरून अंधेरीस जाणारी ‘सेंट्रल साल्सेट ट्रामवे’ नावाची एक लहानशी लोहमार्गाची शाखा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १९२८ साली घातली होती. ती सहा वर्षांतच, १९३४ साली, बंद पडली, आणि रूळ उखडले गेल्यावरही तिचे नाव तेवढे रस्त्याला चिकटून राहिले. कंसातले नाव म्हणतात ते हेच.

या गावात मोटारीचा कारखाना आला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या जिद्दीमुळे. आगबोटी, विमाने आणि मोटारी या तिन्ही वस्तू हिंदुस्थानात निपजल्या पाहिजेत, असा त्यांचा ध्यास होता. त्यासाठी १९३९ साली ते अमेरिकेस गेले, फोर्डशी त्यांचे जुळले नाही, क्रायस्लरशी जुळले, आणि सरकारी अनास्था व महायुद्ध या दोन्ही अडचणींतून वाट काढीत १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी केली. जुन्या आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या, कडेला कुर्ल्यात तिचा कारखाना झाला. प्रारंभी तेथे डॉज, प्लिमथ व डीसोटो या अमेरिकी गाड्या आणि मालमोटारी सुट्या भागांतून जुळवल्या जात; मग पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून ‘फियाट ११००’ कुर्ल्यात तयार होऊ लागली. शिवडीला १९२८ पासून गाड्या जुळवणाऱ्या जनरल मोटर्सने याच वेळी येथला गाशा गुंडाळला, कारण ज्यांना सुटे भाग येथेच बनवायचे नसतील त्यांनी निघावे, असे सरकारचे धोरण ठरले होते. कुर्ल्याच्या कारखान्याने भाग येथे बनवण्याचे पत्करले, आणि म्हणून तो राहिला.

गोल नाकाच्या त्या पहिल्या गाडीला मुंबईच्या माणसाने ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले. नाव ठेवण्यात तिरस्कार नव्हता. मराठी माणूस ज्या वस्तूला आपली मानतो तिला असे एखादे नाव ठेवल्यावाचून राहत नाही. १९६४ साली तिच्या जागी चौकोनी अंगाची ‘११०० डी’ आली आणि येथे तिला ‘डिलाइट’ म्हणू लागले. फियाटशी असलेला परवान्याचा संबंध संपल्यावर १९७२ च्या सुमारास तीच ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली, आणि १९७४ साली चितोडच्या राणीवरून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. नाव तीनदा बदलले, इंजिन मात्र तेच राहिले: चार सिलिंडरांचे, १०८९ घनसेंटिमीटरांचे. गियरचा दांडा सुकाणूच्या दांड्यालाच जोडलेला असल्यामुळे पुढच्या अखंड बाकावर चालकाशेजारी दोन माणसे बसत, आणि वेळ पडल्यास एखादे मूलही.

खुद्द इटलीत ‘११०० डी’चे उत्पादन १९६६ साली थांबले, कुर्ल्यात तेच रूप नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन तपे, चालू राहिले. जगात या गाडीचे अस्सलपण कोणी अधिक निष्ठेने राखले असेल तर ते कुर्ल्याच्या कारखान्याने, असे म्हणावे लागते; परंतु त्या निष्ठेचे कारण तपासू गेल्यास कौतुकाचा उत्साह ओसरतो. उत्पादनाला परवाना, आयातीला परवाना, काही काळ किमतीलाही सरकारी निर्बंध (त्याचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता), आणि नाव नोंदवून वर्षानुवर्षे ताटकळणारे गिऱ्हाईक दाराशी उभे; अशा स्थितीत माल सुधारण्याची निकड कोणाला भासावी? १९८३ च्या अखेरीस मारुती रस्त्यावर आली तेव्हा कुर्ल्याने १९८५ साली ‘११८ एनई’ काढली. तिचे अंग फियाटचे आणि इंजिन निस्सानचे, म्हणजे कारखान्याने स्वतःच्या हाताने केलेला तो एक मोठाच फेरफार होता. अस्सलपण राखणे हा स्वतःसिद्ध सद्गुण आहे असे मानणाऱ्यांनी या तीन तपांकडे जरा निरखून पाहावे.

बदल करणाऱ्यांच्या बाजूचा पुरावा तर याच १०८९ घनसेंटिमीटरांच्या इंजिनात दडलेला आहे. ज्या फियाट ११०० च्या घराण्यातून कुर्ल्याची गाडी निघाली, त्याच घराण्याच्या यंत्रावर युद्धोत्तर इटलीतल्या शर्यतीच्या गाड्यांची एक पिढी पोसली गेली. त्याआधीच, १९४० साली, एन्झो फेरारीने मिल्ये मिलियाच्या शर्यतीसाठी जी पहिली गाडी बांधली, तिचे आठ सिलिंडरांचे इंजिन फियाट ११०० चेच भाग घेऊन जुळवलेले होते. तुरिनच्या चिसितालिया कंपनीने १९४७ साली ‘२०२’ ही गाडी काढली. तिचे अंग पिनिन फारिनाने घडवले आणि आत बसवले ते फियाटचे १०८९ घनसेंटिमीटरांचेच, अधिक शक्ती यावी म्हणून फेरफार केलेले इंजिन. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने १९५१ साली आठ मोटारींचे प्रदर्शन भरवले त्यात ही गाडी होती, आणि पुढे ती त्या संग्रहालयाच्या कायम संग्रहात दाखल झाली. तिचा आता एक खिळाही कोणी हलवू देणार नाही. म्हणजे अस्सलपणाची जी परमावधी, काचेआडची आणि पहाऱ्यातली, ती मुळात एका बाजारू मोटारीच्या यंत्रात केलेली ढवळाढवळ आहे! आपल्याकडेही विलायती शर्यतीची गाडी आयातकरामुळे आवाक्याबाहेर, म्हणून ज्या तरुणांना वेगाचे वेड होते त्यांनी कुर्ल्याच्याच फियाटचे कार्ब्युरेटर बदलले, सायलेन्सर मोकळे केले आणि मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर त्या पळवल्या.

तथापि पद्मिनीत खरे फेरफार केले ते शौकिनांनी नव्हे. ते टॅक्सीवाल्यांनी केले. काळ्या अंगाची व पिवळ्या टपाची ती गाडी दिवसाचे बारा-सोळा तास चालायची. तिच्या मालकाला अस्सलपणाची चैन परवडणारी नव्हती. कोणी पेट्रोलचे इंजिन उतरवून डिझेलचे चढवले. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून सीएनजीची टाकी आली. ती डिकीत बसली, तेव्हा प्रवाशाची वळकटी आणि ट्रंक टपावरच्या कॅरियरवर गेली, आणि ते कॅरियर पुढे टॅक्सीच्या ओळखीचाच भाग झाले. आत फुलाफुलांचे रेक्झिन, टपाच्या आतल्या अंगाला चकचकीत कापड, आरशाला माळ, पुढच्या काचेजवळ गणपती किंवा मक्केचे चित्र. बाहेर डाव्या हाताला मीटर. अशा गाडीत कुर्ला स्थानकापासून शीवपर्यंत ज्याने पावसाळ्यात प्रवास केला आहे, त्याला तिच्या वासावरून ती आजही ओळखता येईल.

या सगळ्या कामाला माल आणि माणसे पुरवली ती सी.एस.टी. रोडने. कुर्ला आणि कलिना यांच्यामधल्या त्या पट्ट्यात मोडीत निघालेल्या गाड्या येतात, त्यांचे दरवाजे, दिवे, बंपर, गियरपेट्या, रेडिएटर अलग होतात आणि दुकानांच्या दर्शनी भागी टांगले जातात. एका गाडीचे मरण हे दुसऱ्या दहा गाड्यांचे आयुष्य, असा तेथला हिशेब आहे. तेथली परिभाषा मला मोठी अर्थपूर्ण वाटते. नव्या नकली भागाला ‘डुप्लिकेट’ म्हणतात. जुन्या गाडीतून काढलेल्या, वापरलेल्या, प्रसंगी गंजलेल्या भागाला ‘ओरिजिनल’ म्हणतात, आणि पुष्कळदा त्याचा भाव नव्याहून चढा असतो. अस्सल आणि नक्कल यांचा भेद नव्या-जुन्यावर अवलंबून नसतो, हे तत्त्व त्या बाजारातल्या मिस्त्र्याला कोणी शिकवावे लागत नाही. आणि हाच मिस्त्री गिऱ्हाइकाला रुंद चाके, बादलीसारख्या सीटा व जमिनीवरचा गियर बसवून देण्यासही तितकाच तत्पर असतो. त्याच्या लेखी दोन्ही कामे एकाच हाताची आहेत.

कायद्याचा कौल मात्र निःसंदिग्ध आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये, निर्मात्याने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणीच्या दाखल्यात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करता कामा नये. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ ठामपणे उचलून धरला. सीएनजीसारख्या बदलास वाट आहे, परंतु ती परिवहन कार्यालयाच्या दफ्तरातून जाते. पुढे २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षे उलटलेल्या गाड्यांसाठी ‘विंटेज’ हा स्वतंत्र वर्ग निर्माण केला. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, आणि ज्या गाडीचा सांगाडा, अंग किंवा इंजिन यांत ठळक बदल झालेला नाही तिलाच तो मान मिळतो. १९७४ साली पद्मिनी हे नाव धारण करून बाहेर पडलेल्या पहिल्या गाड्या आता या मर्यादेपलीकडे गेल्या आहेत. ज्या मालकाने विसाव्या वर्षी हौसेने इंजिन बदलले, तो आज त्या मानास मुकला; आणि ज्याची गाडी दारिद्र्यामुळे म्हणा, आळसामुळे म्हणा, जशी होती तशी ताडपत्रीखाली पडून राहिली, तो संग्राहक ठरला. दैव असे कधीकधी आळशालाही साहाय्य करते.

माझे मत विचाराल तर टॅक्सीवाल्याचा फेरफार मला सर्वथा न्याय्य वाटतो, शर्यतीच्या तरुणाचा क्षम्य वाटतो, आणि आज, पद्मिनी दुर्मिळ झाल्यावर, केवळ लोकांनी मान वळवून पाहावे म्हणून तिचा पत्रा कापणे हे मात्र मला दफ्तर जाळण्यासारखे वाटते. जे नट-बोल्टांनी बसले ते नट-बोल्टांनी निघते. कापलेला पत्रा पुन्हा पहिल्यासारखा जुळत नाही, आणि चेसिसवरचा क्रमांक घासला गेला की ती गाडी कुर्ल्याची होती एवढे सांगण्यासही पुरावा उरत नाही. कुर्ल्यातला पुरावा तर आधीच क्षीण झाला आहे. कारखान्यात पुढे फियाटच्या उनो आणि पालियो या गाड्या काही वर्षे झाल्या, नंतर फियाटचे काम रांजणगावला गेले, आणि कारखान्याच्या आवारात आता कोहिनूर सिटीच्या इमारती उभ्या आहेत. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदवली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून ती जात अधिकृतपणे संपली.

म्हणून ज्यांच्या वाड्यात, गॅरेजात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात अशी एखादी गाडी अद्याप उभी असेल, त्यांना माझी एवढीच विनंती आहे की गियरचा दांडा जमिनीवर आणायचा असेल तर खुशाल आणा, परंतु सुकाणूवरून उतरवलेला जुना दांडा भंगारात घालू नका. तो कापडात गुंडाळून डिकीत ठेवा, आणि एक दोनशे पानी वही आणून तिच्या पहिल्या पानावर तारीख, मिस्त्रीचे नाव आणि काय काढले, काय बसवले, ते लिहून ठेवा.