बलदिया चादरघाट

वडील गेल्यावर त्यांच्या लाकडी पेटीत आजोबांच्या नावाची घरपट्टीची एक पावती सापडली. मजकूर सगळा उर्दूत. वडिलांना उर्दू येत होते, मला येत नाही. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी वाचून दाखवली. वर लिहिले होते, ‘बलदिया चादरघाट’. साल १३३५ फसली. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येते. म्हणजे पावती १९२५-२६ ची.

वारसाच्या कामासाठी ती एका कचेरीत नेली. तरुण कारकून म्हणाला, “सर, अशी नगरपालिकाच नाही.”

त्याचे खरेच होते, पण अर्धेच. पहिल्या सालारजंगांच्या कारकिर्दीत, १८६९ साली, हैदराबादेत नगरव्यवस्था सुरू झाली. मुसीच्या दक्षिणेला चारमिनारभोवतीचे जुने शहर. उत्तरेला रेसिडेन्सीच्या आसऱ्याने वाढलेली चादरघाटची वस्ती. १८८६ मध्ये चादरघाटची नगरपालिका वेगळी झाली आणि १९३३ मध्ये हैदराबादेत विलीन झाली. त्याच वर्षी इंग्रजांनी रेसिडेन्सी बाजार निजामाला परत केला. तोच आपला सुलतान बाजार.

आपली मराठी घरे बहुतेक याच तीरावरची. काचीगुडा, बडी चावडी, सुलतान बाजार इथेच आपले वाडे, आपले गणपती. १९०७ साली निघालेली विवेकवर्धिनीही इकडचीच.

पुढे सिकंदराबादची पाळी आली. १९५० मध्ये तिथे महापालिका झाली आणि दहाच वर्षांत, १९६० मध्ये, तीही हैदराबादेत मिळाली. २००७ साली मलकाजगिरी, कुकटपल्ली, उप्पल धरून बारा नगरपालिका एकदम गेल्या. मधे १९५६ मध्ये तर हैदराबाद राज्यच उरले नाही; मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आपण इथे राहिलो.

शहर वाढले की पाणी, रस्ते, गटारे यांचा कारभार एका हाती येणे सोयीचे, हे मीही वर्गात शिकवतो. तक्रार त्याची नाही. पण नगरपालिका जाते तेव्हा तिच्या नावाने दिलेला कागद पोरका होतो. आणि तो वाचणारा माणूस घरातून गेला की मुकाही होतो.

माझे काम शेवटी दुसऱ्या कागदांवर झाले. पावती मात्र मी काचेत बसवून शाळेत लावली आहे, खाली मराठी आणि तेलुगू अर्थ देऊन. मुले थांबून वाचतात.

वाचकहो, दिवाळीची झाडलोट करताना जुनी पेटी रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. उर्दू वाचणारे शेजारी अजून आहेत, तोवरच.